पाऱ्यावरची साय

१

माझं कोणी ऐकलं नाही. आमच्या ह्यांनी नाही, लेकीने नाही, डॉक्टरांनी तर नाहीच नाही. डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि विचारलं, "वहिनी, झोप लागते ना नीट?" बाईमाणूस काही सांगायला लागलं की आधी तिच्या झोपेची चौकशी. तेच ह्यांनी सांगितलं असतं तर "कधीपासून?" असं विचारलं असतं.

म्हणून लिहिते आहे. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर बरं आहे, शुद्धलेखन ज्याला टोचेल त्याने सुधारून घ्यावं. लिहिलेलं कोणाला मध्येच तोडता येत नाही, तेवढा एक फायदा.

आमचे हे कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. नोकरीत असतानाच त्यांनी घरामागच्या खोलीत स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली, त्याला एकोणीस वर्षं झाली. दवाखान्यांतली बीपीची मशीनं आमच्याकडे येत. दंडाला पट्टा गुंडाळून फुगवतात आणि काचेच्या नळीत पारा चढतो, ती जुनी मशीनं. वापरून वापरून त्यातला पारा काळवंडतो, नळीला आतून मळ धरतो आणि आकडा वाचता येईनासा होतो. हे मशीन उघडत, नळी बदलत, रबर बदलत. पारा धुवायचं काम माझं.

पारा धुतात कसा ते आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रथम मऊ कातड्यात बांधून पिळायचा, म्हणजे जाड कचरा आत राहतो. मग माणसाच्या उंचीची उभी काचेची नळी, तिच्यात पातळ केलेलं ॲसिड. वरून पारा बारीक धारेने सोडायचा. तो थेंब थेंब होऊन ॲसिडमधून खाली येतो आणि येता येता त्याच्यातलं शिसं, जस्त, काय असेल ते सोडून देतो. असं तीनदा. मग साध्या पाण्यातून. मग टिपकागदाने कोरडा. शेवटी कागदाचं नरसाळं करायचं, टोकाला सुईने भोक पाडायचं आणि त्यातून गाळायचा. स्वच्छ पारा खाली उतरतो, वर करडी साय राहते. ती कागदासकट मळाच्या बरणीत. त्या बरणीतलं ॲसिड कडक, दहा मिनिटांत सगळं खाऊन टाकतं.

आणि भांड्यात ठेवलेल्या पाऱ्यावर साय धरली असेल, तर कागदाची घडी करून ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात ओढायची. मध्ये थांबायचं नाही. थांबलात की साय मोडते आणि पाऱ्यात परत बुडते.

हे ह्यांनी मला शिकवलं. पण सहा महिन्यांत माझा हात त्यांच्यापेक्षा साफ झाला. ते स्वतः चारचौघांत सांगत, "पारा आमच्या लवंगीच्या धाकात आहे." लग्नानंतर आठव्या दिवशी मी त्यांच्या आत्याला एक उलट उत्तर दिलं होतं, तेव्हापासून मी लवंगी. लवंगी मिरचीतली. दुसऱ्या कोणी त्या नावाने हाक मारली असती तर मी जाब विचारला असता.

२

तो सोमवार होता. मी चार किलो पारा धुऊन बाटलीत भरला. पांढऱ्या ताटलीत थेंब टाकून ताटली कलती केली, थेंब गोल राहून पळाला. मळका पारा पळताना मागे शेपूट ओढतो. ह्याला शेपूट नव्हतं. काचेचं बूच लावलं आणि बाटली फळीवर ठेवली.

मंगळवारी सकाळी बाटलीत साय.

"घाई केलीस, लवंगी," हे म्हणाले.

"घाई मी स्वयंपाकात करते. ह्या खोलीत नाही."

परत धुतला. बुधवारी परत साय. ह्यांनी बाटली बदलली, ॲसिड नवं केलं, बुचाला मेण लावलं. गुरुवारी मेण जसंच्या तसं आणि आत साय. दुधाला नुकती धरते तेवढीच, पण होती.

आता आमच्या घरात माणसं दोन. तिसरी लेक, ती औषधांच्या दुकानात बसते, नवऱ्याबरोबर चार रस्ते पलीकडे राहते आणि रविवारी येते. तिच्या बोटात अंगठी. त्या खोलीत सोनं न्यायचं नाही हा आमच्याकडे पहिला नियम. सोन्याला पारा लागला की सोनं पांढरं पडतं आणि पारा नासतो तो वेगळाच. मी तिला फोन लावला.

"रविवारी मागच्या खोलीत गेली होतीस?"

"खिडकी बंद करायला गेले असेन. का?"

"अंगठीसकट?"

"आई, मी काय अंगठी पाऱ्यात बुडवून बघितली? तुझं आपलं काहीतरीच. बाबांना दे बरं फोन."

बाबांना दिला. बाप-लेक माझ्यावर हसले, ते मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू आलं.

सोन्याने मळला असता तर गाळताना कातड्यात दिसलं असतं. तसं काही नव्हतं. शिसं नव्हतं, जस्त नव्हतं. ह्यांनी त्यांच्या पद्धतीने चार परीक्षा केल्या, वहीत लिहिलं आणि शेवटी पेन्सिल कानामागे अडकवून म्हणाले, "ह्यात काही नाही. पारा शुद्ध आहे."

"मग ही साय कशाची?"

"तेच म्हणतोय. कशाचीच नाही."

३

पुढच्या आठवड्यात आम्ही घरातला सगळा पारा, बारा किलो, एका पसरट एनॅमलच्या भांड्यात ओतला. ताटाएवढं रुंद तोंड. वर काच झाकली. बाटलीत नीट दिसत नाही, इथे दिसेल, हा ह्यांचा विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी काच उचलली. खिडकीतून उजेड तिरपा येत होता. साय सगळीकडे सारखी धरलेली, आणि कडेपासून चार बोटं आत एक खूण.

मला आधी वाटलं, ह्यांनी बोट लावून बघितलं. अंगठ्याचा ठसा होता. वळणं, रेघा, सगळं. मी तोंड उघडलंच होतं ओरडायला, तेवढ्यात उजेड जरा सरकला आणि मला दिसलं की ठसा खाली गेलेला नाही. वर आलेला आहे.

सायीवर वरून अंगठा दाबला तर खड्डा पडेल. हा उंचवटा होता. मी सुई आडवी धरून हलकेच फिरवली, ती रेघांवर अडखळली. कोणीतरी खालून दाबलं होतं. भांड्यात पारा किती खोल? बोटाच्या एका पेराएवढासुद्धा नाही. खाली एनॅमल. त्याखाली टेबल.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. हसू नका, तुम्हीही बघितलं असतं.

ह्यांना हाक मारली. ते चष्मा शोधत आले, वाकले, बघितलं. "सुरकुती आहे. साय आकसते तेव्हा अशा रेघा पडतात."

"अंगठ्यासारख्या?"

"ढगात घोडा दिसतो तसं."

"घोडा मला कधी दिसला नाही. मला ढगात ढगच दिसतो."

ते नेहमीसारखे मोठ्याने हसले. मी कागदाची घडी करून साय ओढली आणि बरणीत टाकली. बरणीतून तपकिरी धूर निघाला. पंखा लावला.

त्याच दिवशी चहा पिताना ह्यांच्या हातून पहिला कप पडला.

४

मी दोन्ही गोष्टी तेव्हा जोडल्या नाहीत. कप सगळ्यांच्या हातून पडतात. पण त्या महिन्यात आमच्याकडचे पाच कप गेले. शर्टाचं बटण लावताना त्यांची बोटं बटणावरून घसरायची. स्क्रू धरता येईना. "बोटाला काही लागतच नाही," ते म्हणायचे, "मोजे घातल्यासारखं वाटतं." आणि हात थरथरायला लागला.

डॉक्टरांनी लगेच निदान केलं. पाऱ्याची वाफ. एकोणीस वर्षं त्या खोलीत काढलीत, आता भोगा. लघवी तपासली, रक्त तपासलं. पारा होता, पण फार नव्हता. "एवढ्याने असं व्हायला नको," डॉक्टर स्वतःच म्हणाले आणि तरी लिहिलं तेच. माझीही तपासणी केली. माझ्यात ह्यांच्यापेक्षा जास्त निघाला. माझा हात भिंतीसारखा स्थिर.

"पारा चढला की माणूस चिडचिडा होतो म्हणे," लेक माझ्याकडे बघत म्हणाली.

"मी पाऱ्याआधीपासून आहे," मी म्हटलं. "विचार तुझ्या बापाला."

मग ते पेन्शनच्या कचेरीत गेले. माणूस जिवंत आहे की नाही हे बघायला वर्षातून एकदा तिथे काचेवर अंगठा ठेवायला लावतात. मी बरोबर होते. ह्यांनी अंगठा ठेवला. मशीनने लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला, लाल. डावा ठेवला, तो कसाबसा घेतला.

खिडकीतला कारकून म्हणाला, "होतं काका, वयाने अंगठे झिजतात. रोज दहा जण तरी असे येतात."

हे घरी येताना रस्ताभर गंमत करत होते. "मशीन म्हणतं मी नाहीच. उद्यापासून मला जेवायला वाढू नकोस."

दारात मी त्यांचा उजवा अंगठा हातात घेऊन उजेडात धरला. वय मी बघितलं आहे. माझ्या वडिलांचे अंगठे बघितले आहेत, जन्मभर दगड फोडले त्यांनी. झिजलेल्या अंगठ्यावर भेगा असतात, घट्टे असतात. ह्यांच्या अंगठ्यावर काही नव्हतं. चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत. तरुणपणी काच लागून एक आडवा व्रण पडला होता, तोही नव्हता.

व्रण झिजतो का? मला कोणी सांगावं.

५

घराच्या खरेदीखतावर सहीशेजारी अंगठा घेतलेला असतो. बावीस वर्षांपूर्वीचा. मी कपाटातून तो कागद काढला आणि भर दुपारी, हे झोपलेले असताना, मागच्या खोलीत नेला. काच उचलली.

त्या सकाळी मी धुतलेला पारा. त्यावर साय आणि सायीत ठसा, आता पूर्ण. शेजारी आणखी एक उमटायला लागला होता, पहिल्या बोटाचा.

कागद भांड्याशेजारी धरला. मला इंग्रजी येत नाही, रसायन येत नाही. पण मी तीस वर्षं शिवण केलं आहे, कापडावरची वीण जुळते की नाही हे मला कोणी शिकवायचं काम नाही. मधला भोवरा जुळला. डावीकडे फुटलेली रेघ जुळली. आणि आडवा व्रण, त्याच जागी, तसाच किंचित वाकडा.

मी तिथल्या स्टुलावर बसले. पंखा चालू होता. स्वतःशी हिशेब केला, मोठ्याने केला, कारण मोठ्याने बोललं की खुळ्यासारखं काय आहे ते लगेच कळतं. ठशाची पहिली साय मी टाकली, त्या दिवशी कप पडला. त्यानंतर एक दिवसाआड मी धूत होते, साय काढत होते, बरणीत टाकत होते. जितक्या वेळा टाकली तितके ते कमी झाले. मोठ्याने बोलूनही ते खुळ्यासारखं वाटलं नाही.

मला वाफ चढली असेल, असाही विचार केला. म्हणून बाहेर अंगणात गेले, पावणेदोन तास उन्हात बसले, पाढे म्हटले. तेरापर्यंत बिनचूक आले. परत आत जाऊन कागद धरला. तसाच जुळला.

बरणीचं झाकण उघडून बघितलं. नुसतं ॲसिड. पाण्यासारखं स्वच्छ.

६

मग मी सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी पाऱ्यात? बरं आहे, निदान चकाकेन तरी." लेकीला भांड्याचा फोटो काढून पाठवला. पाऱ्याचा फोटो येत नाही हो. त्यात खिडकी आली, पंखा आला आणि माझा वाकलेला चेहरा आला. लेकीचं उत्तर, "आई, तू किती वाळली आहेस."

"इथे येऊन डोळ्याने बघ."

आली. बघितलं. खरं सांगते, एक क्षण तिचा चेहरा बदलला. मग तिने काच खाली ठेवली, हात साबणाने दोनदा धुतले आणि म्हणाली, "ही खोली बंद करायची. सगळा पारा कॉलेजात द्यायचा. त्यांच्याकडे विल्हेवाट लावायची सोय आहे. आधी स्वच्छ करून घेतात, मग सीलबंद करतात."

"स्वच्छ करून?"

"हो, मग? घाण कशी घेतील?"

मी म्हटलं, "तो पारा ह्या घरातून हलणार नाही आणि त्याला कोणी धुणार नाही. तुझा बाप आहे त्यात."

ती रडली. मी रडले नाही. तिने जाऊन डॉक्टरांना सांगितलं आणि डॉक्टरांनी माझ्या झोपेची ती चौकशी केली.

७

त्या दिवसापासून मी पारा धुवायचं बंद केलं. डॉक्टरांची सहा मशीनं फळीवर रिकामी पडून राहिली. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

चौथ्या दिवशी ह्यांनी स्वतःच्या हाताने बटण लावलं. सहाव्या दिवशी कप धरला, सांडला नाही. आठव्या दिवशी मी भाजी चिरत होते, ते आले, सुरी घेतली आणि अर्धी भाजी चिरून दिली. बारीक, सारखी, पहिल्यासारखी. मी त्यांचा अंगठा बघितला. रेघा होत्या. फिकट, पण होत्या.

"काय बघतेस ज्योतिषासारखी?"

"किती वर्षं आणखी मला छळणार ते."

"बरीच दिसतात ना? मग चहा टाक."

डॉक्टर म्हणाले, बघा, खोली बंद केली आणि फरक पडला. पाऱ्याचीच वाफ. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. मला वाद नको होता. माणूस हवा होता.

पण खोलीत मी रोज एकदा जात होते. सकाळी, उजेडात. काच उचलायचे नाही, काचेतूनच बघायचे. साय जाड होत होती. आता अंगठा एकटा नव्हता. तळहात होता, उताणा. मग एके दिवशी तळहात नव्हता, कान होता. कानाची पाळी, तिच्यामागचा मस. सबंध माणूसच सायीखाली सरकत होता, झोपेत कूस बदलावी तसा. मी नजर रोखून बसले की काही हलायचं नाही. दाराकडे वळले की मागून आवाज यायचा. चिकटलेले ओठ सुटताना येतो तेवढाच.

अकराव्या दिवशी साय मधोमध किंचित वर उचललेली होती आणि हळूच खाली बसली. मी मोजलं. पलीकडच्या खोलीत हे झोपले होते, त्यांच्या घोरण्याशी ते जुळत होतं.

मी घाबरले का? घाबरले. पण त्याहून मला हेच वाटलं की आता एवढ्यावर कोणी हात घालायचा नाही. हे असंच राहू दे. ही खोली असेल, हे कप धरतील, मी चहा टाकीन. लोक ह्याहून विचित्र गोष्टी घेऊन संसार करतात.

८

गुरुवारी दुपारी तीन वाजता लेकीचा फोन आला. मी मागच्या खोलीतच होते. काचेला आतून दमटपणा धरला होता, म्हणून मी काच उचलून बाजूला उभी केली होती आणि पुसायला गाळणीचे कागद घेतले होते. फोन मानेत धरला. पलीकडे बाहेरच्या खोलीत हे पेपर मोठ्याने वाचत होते. रोज दुपारी वाचायचे, मला ऐकू यावं म्हणून. कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची बातमी होती.

"आई, चार वाजता कॉलेजची गाडी येते आहे."

"कोणाला विचारून?"

"बाबांना विचारून. बाबा हो म्हणालेत."

"बाबांना काय कळतं?"

"त्यांना कळत नाही? त्यांनी शिकवलंय तुला!"

"शिकवलं त्यांनी, केलं मी. एकोणीस वर्षं ह्या खोलीत कोण उभं राहिलं? तू? तू नाकाला रुमाल लावून दारातून परत जायचीस. आता आली मोठी घर स्वच्छ करायला."

"आई, ओरडू नकोस. मी बाबांसाठी करते आहे."

"आणि मी कोणासाठी करते? शेजाऱ्यांसाठी? ऐक माझं. गाडी दारात आली तर मी तिच्यापुढे आडवी पडेन. ह्या पाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. धुवायचा तर नाहीच. कळलं? कोणी म्हणजे कोणीही..."

मी बोलत होते आणि माझा हात चालत होता. मला राग आला की माझा हात काम करतो, भांडी घासतो, ओटा पुसतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी लेकीला तोडत होते आणि माझ्या हाताने कागदाची घडी केली, कडेला लावली आणि ओढली. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. एका दमात. न थांबता.

तेव्हा मला कळलं.

कागद माझ्या हातात जड होता आणि ऊन होता. सबंध साय एका तुकड्यात आली होती, कुठे फाटली नव्हती, इतक्या सफाईने मी जन्मात काढली नसेल. ती कागदावरून लोंबत होती. तिच्यात मिटलेली पापणी होती. तिच्या कडेला चष्म्याच्या दांडीने पडलेला वळ. आणि पापणी उघडायला लागली.

मी ओरडले आणि हात झटकला. बरणी तिथेच असते, हाताच्या अंतरावर. एकोणीस वर्षं तिथेच.

धूर निघाला. बाहेरच्या खोलीत पुलाची बातमी एका शब्दाच्या मध्येच थांबली.

फोनमध्ये लेक "आई, आई" करत होती. मग बाहेरून आवाज परत सुरू झाला. तोच आवाज, तीच बातमी, अगदी पहिल्यापासून. पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी.

मी दारात जाऊन उभी राहिले. ह्यांनी पेपर खाली केला. हात जराही थरथरत नव्हता. ते उठून उभे राहिले, बाहेरच्या माणसासमोर राहावं तसे, आणि हसले.

"या ना. बसा," ते म्हणाले. "आपण कोणाकडे आलात?"

९

गाडी चार वाजता आली. मी आडवी पडले नाही. ज्या माणसाने पारा भरून घेतला तो म्हणाला, "बाई, इतका स्वच्छ पारा मी आजवर बघितला नाही. तुम्ही धुतलात?" त्याने ताटलीत थेंब टाकून मला दाखवला. गोल राहून पळाला.

ह्यांची तब्येत उत्तम आहे. डॉक्टर खूश आहेत, कंप गेला. आठवण गेली ती वयाने, म्हणतात. लेक म्हणते, बाबा किती शांत झालेत. शांत आहेतच. वेळेवर जेवतात, ताट उचलून ठेवतात, मला 'आपण' म्हणतात, काही हवं असलं तर अदबीने मागतात. पेपर अजून वाचतात, पण मोठ्याने नाही. मी शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला तर तो तसाच माझ्या हातात राहू देतात, बसमध्ये शेजारच्याचा धक्का सोसावा तसा. दहा बोटांवर एक रेघ नाही. परवा मी मुद्दाम भांडण काढलं, भांडं आपटलं, नाही नाही ते बोलले. ते उठले आणि विचारलं, "आपल्याला कोणी काही म्हणालं का?"

आता लोक दोष वाटून घेतात. डॉक्टर पाऱ्याला देतात. लेक स्वतःला देते, गाडी आधीच बोलवायला हवी होती म्हणून रडते, आणि मी तिला रडू देत होते, इतके दिवस. शेजारी म्हणतात कॉलेजने माणूस वापरून टाकला. लेकरू बारीक होत चाललं आहे, म्हणून आज लिहून टाकते आणि हे तिच्याच हातात देणार आहे. डॉक्टरांनी काही केलं नाही. कॉलेजने नाही. बिचाऱ्या पाऱ्याने तर त्यांना सांभाळून ठेवलं होतं. बाळा, तूही काही केलं नाहीस. एकोणीस वर्षं सवय लागलेला एक हात होता, त्याला मध्ये थांबायचं माहीत नव्हतं, आणि तो कोणाचा ते ज्या नावाने तुझे बाबा मला हाक मारायचे आणि आता ह्या घरात कोणी मारत नाही, त्या नावाने लिहून ठेव. लवंगी.